पवनचक्कीखालचं मीठ

१

पंढरी पालथा पडला होता. वीतभर खाऱ्या पाण्यात नाक-तोंड बुडालेलं, हात दोन्हीकडे फेकलेले. आणि डोक्यावर त्याची ती पवनचक्की मजेत फिरत होती, मालक मेल्याचं तिला काय सुतक!

कशेळीच्या खाडीकाठचं ते मिठागर पंढरीच्या आईचं, हौसाबाईचं. नवरा जाऊन वर्षं झाली, पण खाडीवर कुणाची हिंमत नव्हती तिच्या बांधावरून विचारल्याशिवाय जायची. ती येताना दिसली तशी माणसं बाजूला झाली. म्हातारीनं लेकाकडे एकदा पाहिलं. मग सून मैना बांधावर बसली होती तिच्याकडे पाहिलं, ते पाहणं काही लवकर संपेना.

"खाल्लंस ना गो माज्या पोराला?"

मैनाच्या हातातून डबा कधीच सुटला होता. दापोड्याच्या हळदीतले वडे तिनं नवऱ्यासाठी बांधून आणले होते, ते आता वाफ्याच्या पाण्यात फुगून तरंगत होते.

"आत्या, मी आले तवा हे असंच पडलेलं. देवाशपथ."

"देवाला मधी घालू नको. तो तुज्या बापाचा नोकर न्हाय."

फौजदार हिरामण भिवंडीहून आला. बूट चिखलात रुतवत चक्कीभोवती हिंडला आणि खाली लोंबणारी दोरी त्यानं हातात धरली. ह्या दोरीचं काम सगळ्या कशेळीला पाठ होतं. वर चढायचं तर आधी दोरी ओढून खालच्या खुंटीला बांधायची. म्हणजे चक्कीचं शेपूट दुमडतं, चाक वाऱ्याला बगल देतं आणि गप्प उभं राहतं. दोरी सोडली की चाक गर्रकन वाऱ्याकडे तोंड करतं आणि सुटतं. वर माणूस असला तर त्याला उडवून लावतं.

"वर चढलेला माणूस खालची दोरी सोडू शकत नाही," फौजदार म्हणाला. "हा तेलाचा डबा बघा. पहाटे तेल घालायला चढला असणार. खाली कुणीतरी होतं."

बांधावर तेलाचा डबा होता खरा. आणि पहाटे इथं मैनाशिवाय कोण होतं? शिवाय साऱ्या गावानं ऐकलं होतं, आठवड्यापूर्वी पाणवठ्यावर तिनं नवऱ्याला सुनावलेलं: समुद्रातली पगाराची नोकरी सोडून वाऱ्यामागे लागलात, ह्या चक्कीखालीच मराल एक दिवस.

"बाईला न्यायचं तर बाई शिपाई लागते. ती उद्या सकाळी येईल," फौजदार म्हणाला.

"तवर मी ठेवते." हौसानं मैनाचं मनगट धरलं, मिठाच्या कोठारापर्यंत ओढत नेलं, आत ढकललं आणि कडी घातली.

"आत्या, पानी तरी ठेवा आत!"

"खाडी पी."

भिवंडीला चिरफाडीसाठी न्यायला माणसांनी पंढरीला उचललं. तो सुलटा होताना हौसानं हात पुढे केला, तो त्याच्या सदऱ्याच्या पाठीला लागला. आणि म्हातारीचा हात जागीच थांबला.

२

सदरा पाठीवर पापडासारखा कडक झाला होता. पांढराफटक.

बाकीच्यांनीही तो पाहिला असेल. पण मिठागरातल्या माणसाच्या अंगावर मीठ, त्यात नवल ते काय? नाभिकाच्या अंगावर केस असतात तसं. हौसानं मात्र जन्म मिठात घालवला होता. तिला अक्षर यायचं ते सहीपुरतं, पण पाण्याचं मीठ कसं होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पोर पडला तेव्हा खारं पाणी उसळून पाठीवर आलं. ते वाळून मीठ झालं. वाळवायला ऊन लागतं. माघातल्या पहाटे कुठलं ऊन? रात्री वाळत टाकलेलं ओलं फडकं सकाळी ओलंच हाती येतं. हा सदरा ज्या उन्हानं वाळवला, ते ऊन आजचं नव्हतंच. ते कालचं होतं.

म्हणजे पंढरी काल दुपारकडेच पडला. रात्री तो चक्कीजवळच्या झोपडीत निजायचा, म्हणून कुणी शोधलं नाही.

आणि काल दुपारी मैना कुठे होती? दापोड्याला, हौसाच्या भाचीच्या हळदीत. जेवणाच्या पंगती उठल्यापासून दिवे लागेपर्यंत ती परातीएवढाली भांडी घासत होती आणि तिच्या डोक्यावर उभी राहून हौसा बोलत होती, "घास, घास. तुज्या बापानं भांडीबी दिली न्हाईत, निदान लोकांची तरी घास." मग रात्री म्हातारी थोरल्या लेकाच्या टेम्पोतून घरी आली आणि मैनाला भांड्यांसाठी मागे ठेवलं. पहाटे ती चालत सरळ मिठागरात आली.

मैनाचा साक्षीदार शोधायला लांब जायला नको होतं. साक्षीदार हौसाच होती.

कोठारातून दार वाजलं. "आत्या!"

हौसा उठली नाही. ही पोर तिला पहिल्या दिवसापासून नको होती. पंढरी समुद्रात तेलाच्या फलाटावर कामाला होता, गावात त्याचा मान होता, पुढे ह्याच पोरीनं कान भरले असतील म्हणून तो नोकरी सोडून आला, असं ती चारचौघांत सांगायची. खरं तर मैना त्या चक्कीला शिव्याच घालत होती. पण सासूला खऱ्याशी काय करायचं असतं?

'मैना नसंल तर मग कोन?' ह्या प्रश्नाकडे म्हातारीला बघायचं नव्हतं. पण पाय तिचे ऐकेनात. ती वाफ्याशी गेली.

त्या वाफ्याची तुडवणी, पायांनी तळ घट्ट करायचं काम, अजून पुरी झाली नव्हती, तळ मऊ होता. फौजदाराच्या बुटांची आणि पंढरीला उचलणाऱ्यांच्या पायांची घाण एका कडेला. मैनाची चिमुकली पावलं बांधापासून दोन-चार, तिथूनच ती किंचाळत मागे फिरलेली. आणि ह्या सगळ्यांहून वेगळी पावलं एका पुरुषाची. अनवाणी, रुंद. खुंटीपासून पंढरीपर्यंत आलेली, मग परत गेलेली.

पंढरीचं डोकं जिथं होतं तिथं दोन टाचा जोडीनं खोल रुतल्या होत्या. चालणाऱ्याची टाच अशी रुतत नाही.

कुणीतरी तिथं उभं राहिलं होतं. चांगलं सावकाश.

३

श्रीनाथ मास्तर निरोप मिळताच धावत आला. भिवंडीच्या तंत्रशाळेत तो शिकवायचा. ह्या चक्कीचं सगळं गणित त्याचं, लोखंड आणि घाम पंढरीचा. आला तो रडत आला आणि रडत रडत तसाच बुटांनी वाफ्यात उतरू लागला.

"बूट काड, मास्तर! वाफा हाय तो, एष्टी ष्टँड न्हाय!"

मास्तर दचकून मागे झाला. "चुकलो मावशी. दर वेळी विसरतो."

"पंढरीनं किती वेळा सांगितलं असंल तुला?"

"शंभरदा. एकदा तर त्यानं माझा बूट खाडीत फेकला."

हौसानं मनात त्याचं नाव खोडलं. मिठागरात जन्मलेला माणूस झोपेतसुद्धा वाफ्यात चपला घालून उतरत नाही, तळ फुटतो. आणि ज्याला शांतपणी आठवत नाही, त्याला माणूस मारताना कुठून आठवणार? पण खोडलेलं नाव तिनं त्याला सांगितलं नाही. घाबरलेला माणूस जास्त बोलतो.

"तुजं आन त्याचं भांडान झालतं म्हनं."

मास्तर पांढरा पडला. "झालं होतं. मुंबईच्या प्रदर्शनात चक्कीचा नमुना मला माझ्या नावानं मांडायचा होता. तो म्हणाला, आईचं नाव घाल, जमीन तिची, वारा तिच्या बांधावरचा. मी चिडलो. मावशी, पण मी..."

"रडू नको, शेंबूड गळतोय. मना येक सांग. चाकानं मानूस उडवला तर तो कुठल्या अंगाला पडंल?"

"चाकाच्या तोंडाकडे. मागच्या बाजूला शेपूट आणि गिअरची पेटी, तिथं पाती लागत नाहीत. माणूस पुढच्या अंगाला असेल तरच मार बसतो. आणि चाकाचं तोंड नेहमी वाऱ्याकडे."

दोघांनी वर पाहिलं. सकाळचा वारा जमिनीकडून येत होता, म्हणून चाकाचं तोंड गावाकडे होतं. पंढरी पडला होता तो चक्कीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला.

मास्तरच्या तोंडाचा आ झाला. "म्हणजे तेव्हा वारा खाडीकडून होता! पहाटे नाही. दुपारनंतर!"

"हळू बोल. म्हावरं उठतंय खाडीतलं."

सदरा आधीच बोलला होता. चाकानंही तेच सांगितलं. मैनाच्या सुटकेला आता दोन साक्षी झाल्या. मास्तर कोठाराकडे बघत उठला. "मग त्या बिचारीला आधी बाहेर काढा ना!"

"घर माजं, सून माजी, कडी माजी. तू खाली बस." तिनं आवाज उतरवला. "ही चक्की कुनाच्या डोळ्यात सलत व्हती?"

मास्तरनं ओठ चावले. आखातात लढाई पेटल्यापासून डिझेलला रांगा लागल्या होत्या. काठावरची बाकी मिठागरं खाडीचं पाणी उपसणारी इंजिनं थांबल्यामुळे कोरडी पडत चालली होती आणि पंढरीच्या वाफ्यांत मात्र चक्कीनं ओढलेलं पाणी खेळत होतं. पंढरी लोकांना सांगायचा, 'मी बघून आलोय. तेलासाठी समुद्राच्या पोटात कोसभर भोक पाडतात, वर आग लावतात, एवढं करून ते एक दिवस संपनार. आन हा वारा आपल्या पायानं दारात येतो, त्याला कोन भीक घालत न्हाय.' आधी लोक हसले. मग हसायचे थांबले.

"येत्या रविवारी काठावरचे सगळे मिठागरवाले चक्की बघायला येणार होते," मास्तर म्हणाला. "त्यांचं ठरलंय. चक्क्या उभारायच्या, इंजिनं काढून टाकायची."

सगळ्या खाडीवर इंजिनं कुणाची होती ते मास्तरलाही माहीत होतं. म्हणून तो हौसाकडे बघत नव्हता.

४

इंजिनं होती तिच्या थोरल्या लेकाची, केसरीनाथची. दापोड्याला त्याची इंजिनांची शेड, डिझेलची पिंपं, टेम्पो. पण म्हातारीनं आधी दामूला बोलावलं. आईच्या मनाला दुसरा कुणी सापडेपर्यंत शोधायची खोड असते.

दामू ह्या मिठागरावरच्या इंजिनावर केस पांढरे होईपर्यंत राबला होता. चक्की आली आणि त्याचं इंजिन गप्प झालं. त्याच्याइतकं पोट कुणाचं दुखायला हवं?

"काल दुपारी कुठं व्हतास?"

"हळदीत, काकी. मग होडीत निजलो."

"कुनी बघितला तुला निजलेला?"

"निजलेल्या मानसाला कोन बघतंय? मी काय नवरी हाय?"

"दोरी तू सोडलीस. तुजं इंजिन त्यानं बंद पाडलं म्हनून."

दामू चिडला नाही. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "इंजिन गेलं, पन पंढरीशेटनं मना जाऊ दिला न्हाय, काकी. चक्कीची देखभाल माज्याकडं दिली. कुनाला सांगू नको म्हनले, दादाला राग येईल. चावी बघा."

कमरेची चावी काढून त्यानं झोपडीतली पेटी उघडली. आत तेलाचा डबा होता. हौसानं बोट बुडवलं. मधासारखं स्वच्छ, पिवळं तेल.

"आन हे?" तिनं बांधावरचा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यातलं तेल काळंकुट्ट होतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. सगळ्या भिवंडीत ते असतं, दाराच्या बिजागरीला घाला, गाडीच्या कण्याला घाला, लूमवाल्यांना द्या. इंजिनवाल्या माणसाला काही करकरलं की हात जातो तो ह्याच डब्याकडे.

दामूनं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे चक्कीला? पयल्या दिवशी मी सवयीनं हेच घातलं व्हतं. पंढरीशेटनं माजा कान पिळला, गिअरची अख्खी पेटी उतरवून रॉकेलनं धुवायला लावली. ह्या तेलात लोखंडाचा कीस असतो, दात खाऊन टाकतो म्हनले. तवापासून जळकं तेल ह्या बांधावर आलंच न्हाय."

"पंढरी सोता आनंल?"

"मेला तरी न्हाय."

म्हणजे डबा मारणाऱ्यानं आणून ठेवला. पंढरी पहाटे तेल घालायला चढला आणि पडला, असं जगाला वाटावं म्हणून. ते मास्तर करणार नाही, चक्कीला काय लागतं ते त्यानंच ठरवलं होतं. दामू करणार नाही, त्याचा कान अजून दुखत होता. ज्याला हे ठाऊक नाही असा इंजिनवाला हवा. मिठागरात जन्मलेला, चपला बांधावर काढणारा. आणि चक्की उभी राहिल्यापासून इथं न फिरकलेला.

दामूही हळूहळू तिथंच पोचत होता. "मग काकी, हा डबा आनला कोनी? असा तर एकच..."

हौसानं त्याच्या थोबाडीत मारली.

"तोंडातनं नाव काडलंस तर जीभ मिठात घालीन."

५

दुपार कलल्यावर केसरीनाथ भावाचं प्रेत घेऊन भिवंडीहून आला, स्वतःच्याच टेम्पोतून. कानामागे अजून हळदीचा पिवळा डाग होता. आईच्या गळ्यात पडून तो असा रडला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"चक्की उभी ऱ्हायली तवाच म्हनालो व्हतो, आये. तिच्या सावलीत पाय ठेवनार न्हाय म्हनालो. इंजिनानं कंदी मानूस मारला व्हता काय आपल्यात?"

"बस," हौसा म्हणाली. "काल हळदीत उशिरा आलास."

"बर्फ आनायला गेलतो भिवंडीला."

काल मांडवात सरबत कोमट होतं. नवरीचा मामा त्यावरून तासभर शिव्या देत होता.

"बर्फ काय कुनी बघितला न्हाय."

"मिळाला न्हाय. गर्दी." त्यानं नाक पुसलं. "आये, आता काय तो बर्फ घेऊन बसलीस. पंढरी पहाटे तेल घालायला चढला आन त्या अवदसेनं दोरी सोडली. फौजदार उद्या नेतोय तिला. तू फक्त सांग, ती त्याला रोज मर म्हनायची. तुजा शबुद कोन मोडतोय?"

म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. हा पोटात होता तेव्हाही ती मीठ उपसत होती. ह्याच्या अंगाला पहिली अंघोळ घातली ती ह्याच खाडीकाठी.

"आता तू आन मी, दोघंच ऱ्हायलो, आये," तो म्हणाला आणि त्यानं तिचा हात धरला.

किती सोपं होतं! काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प राहायचं. परक्याची पोर तुरुंगात जाईल, थोरला घरात राहील, म्हातारपणी पाणी पाजायला हात असेल. गावातल्या कुणाही सासूनं हेच केलं असतं आणि वर देवाला नारळ दिला असता.

तिरडी उचलली. कोठारातून दार वाजायला लागलं, दोन्ही हातांनी. मैनाला कळलं होतं. "आत्या, येकदा तोंड बघू द्या त्यांचं! आत्या! येकदाच!"

सगळे हौसाकडे बघू लागले. दामू बघत होता. मास्तरही.

"गप बस!" हौसा दाराकडे ओरडली. "चला रं, उचला."

मडकं खांद्यावर घेऊन केसरीनाथ पुढे चालला. पंढरीला मूलबाळ नव्हतं, अग्नी देणार थोरला भाऊच. हौसा बांधावर उभी राहून त्याच्या अनवाणी पावलांकडे बघत होती. ओल्या मातीत ती रुंद उठत होती, टाचेकडे जास्त.

तरीही तिनं मनात एक दार उघडं ठेवलं. कुणी सांगावं, कुण्या इंजिनवाल्याच्या नोकरानं केलं असेल. पाय रुंद असलेली माणसं खाडीवर काय कमी आहेत? उद्या एकदाच बघायचं, दोन्ही डबे त्याच्यापुढे ठेवून. त्यानं पिवळ्या तेलाचा डबा उचलला, तर म्हातारी खोटी. तिनं आयुष्यात कुठल्या देवाकडे काही मागितलं नव्हतं, द्यायची ती दमदाटीच. त्या संध्याकाळी मात्र तिनं मागितलं: त्याला पिवळा उचलू दे.

६

सकाळी फौजदार बाई शिपायाला घेऊन आला. "चला हौसाबाई, उघडा कोठार."

"उघडते. घाई काय? तुजी बायको बाळंत होतेय?" तिनं केसरीनाथला हाक मारली. मास्तर आणि दामू आधीच येऊन उभे होते. "केसरी, भाऊ तुजा गेला, पन त्याचं चाक रातभर करकरतंय. त्याचा जीव अडकलाय त्यात. तू थोरला. तुज्या हातानं तेल घाल, म्हनजे सुटंल."

"मी? आये, मी त्या चक्कीला..."

"मेल्यावर कसला राग?"

सगळे बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. खुंटीजवळ दोन डबे उघडे ठेवले होते. एकात पिवळं, एकात काळं. दामूनं तोंड उघडलं, हौसानं डोळे वटारले, ते परत मिटलं.

केसरीनाथनं बांधावर चपला काढल्या. वाफ्यातून चालत गेला. दोन्ही डब्यांकडे त्यानं पाहिलं, असं पाहिलं जसं पाहण्यासारखं काही नव्हतंच. आणि काळा डबा उचलला.

"शेट!" दामूच्या तोंडून निघालंच. "पेटी खाऊन टाकाल!"

"का? तेल न्हाय का हे?"

हौसाचे डोळे मिटले ते क्षणभर उघडेनात. उघडले तेव्हा ती फौजदाराकडे वळली आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगत गेली. सदऱ्याला लागलेलं परवाचं ऊन. चाकाचं तोंड. मैनाच्या डोक्यावर ती स्वतः उभी होती ते. मास्तरचे बूट आणि दामूची किल्ली. मग न आलेला बर्फ.

"पंढरी पहाटे तेल घालायला चढला न्हाय. त्याला वर बघून खालच्यानं दोरी सोडली. मग टेम्पोतला डबा आनून ठेवला. चक्कीला काय घालतात ते त्याला ठावंच न्हवतं. आताबी ठावं न्हाय. बघा की, हातात हाय त्याच्या."

केसरीनाथनं डबा टाकून दिला. काळं तेल वाफ्याच्या पाण्यावर पसरलं.

"आये, तू... पोटच्या पोरावर सापळा लावलास?"

"लावला. तू पिवळा उचलशील म्हनून लावला."

तो खाली बसला. "मी मारायला न्हवतो आलो. समजवायला आलो, रविवारी लोकांना बोलावू नको म्हनून. तो वरनं हसला. म्हनाला, दादा, इंजिनं भंगारात घाल आन माज्याकडं कामाला ये, दामूसारखा. दोरी माज्या हातात व्हती, आये. रागात सुटली."

"रागात सुटली. मानलं." म्हातारी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मग डोक्याशी कोन उभं व्हतं?"

त्यानं टाचा मागे ओढून घेतल्या.

"वीतभर पानी व्हतं, केसरी. केसाला धरून तोंड वर काडलं असतंस तर जगला असता. टाचा रुतल्यात तुज्या तिथं. काय बघत व्हतास?"

"तो हात हलवत व्हता," केसरीनाथ म्हणाला. अगदी हळू.

"तुला बोलवत व्हता?"

"...हां."

मास्तरनं तोंड फिरवलं. फौजदारानं बेडी काढली, तीसुद्धा अशी की आवाज होऊ नये. जीपकडे जाताना केसरीनाथ मागे वळून ओरडला, "तुज्या तोंडात पानी कोन घालंल आता, म्हातारे? कोन?"

"आधी तुज्या भावाच्या तोंडातलं काड, मग माजं बोल."

जीप गेली. मास्तर गेला, दामूही डोळे पुसत गेला. बाई शिपाई रिकाम्या हातानं परत गेली. हौसानं तांब्या भरला आणि कोठाराची कडी काढली.

मैना मिठाच्या ढिगाला टेकून बसली होती. ओठ फुटून रक्त आलेलं, हातांना दार बडवून फोड. तिनं तांब्या घेतला आणि श्वास न घेता पाणी प्याली. मग तिनं सासूकडे पाहिलं.

"तेनंच केलं ना? भावजींनी?"

"हां."

"तुम्हाला कवा कळलं, मी न्हाय म्हनून?"

खोटं बोलायला हौसाची जीभ कधी अडली नव्हती. आता का कोण जाणे, अडली.

"काल. पंढरीला उचलला तवाच."

मैनानं ते ऐकून घेतलं. कालची सगळी दुपार, तिरडी उठली ती संध्याकाळ, अख्खी रात्र, सगळं तिच्या तोंडावरून एकामागून एक गेलं.

"मग दार आज का उघडलं?"

"तू आत व्हतीस तवर," हौसा म्हणाली, "माजा येक पोर बाहेर व्हता."

मैना रडली नाही. शिवीही दिली नाही. तिनं रिकामा तांब्या सासूच्या पायाशी ठेवला आणि बोटानं पुढे सरकवला.

"अजून आना."

आयुष्यात सुनेसाठी घोटभर पाणी न भरलेली म्हातारी वाकली, तांब्या उचलला आणि हंड्याकडे चालू लागली.